पत्ता : चिरागनगर, घाटकोपर

१ ऑगस्टला चौकाचौकात बॅनर लागतात, डीजे वाजतो, आपल्या स्टेटसवरही अण्णाभाऊ साठे झळकतात. लोकशाहीर, साहित्यरत्न ही विशेषणं सगळ्यांना पाठ. पण हा माणूस राहायचा कुठे, असं विचारलं तर बरेच जण गप्प होतील.

वाटेगाव, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. तिथे १९२० मध्ये एका मातंग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे जन्मले. शाळा झाली म्हणतात ती दीड दिवसाची. गावात पोट भरेना, म्हणून १९३१-३२च्या सुमारास सगळं कुटुंब मुंबईला निघालं, तेही पायी. अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त. मिळेल ती मजुरी करत, मिळेल तिथे झोपत ते मुंबईत पोचले.

त्या मुंबईला गिरण्यांसाठी हात हवे होते, पण त्या हातांना छप्पर देण्याची घाई कोणालाच नव्हती. इंग्रज सरकारने १९२०च्या दशकात कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचं ठरवलं. बांधल्या साधारण १६ हजार. त्याच आजच्या बीडीडी चाळी. बाकीच्यांनी काय करायचं? आधीच भरलेल्या खोलीत घुसायचं, नाहीतर मोकळ्या जागेवर पत्रे ठोकायचे.

अण्णाभाऊ आधी भायखळ्याच्या चाळीत राहिले. हमाली, बूटपॉलिश, हॉटेलात पोऱ्या, मोरबाग गिरणीत कामगार, काय काय केलं! दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर्स वाचत ते अक्षरं शिकले. पुढे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट चळवळ भेटली आणि १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लालबावटा कलापथक उभं राहिलं. ‘मुंबईची लावणी’त त्यांनी माडीवाली मुंबई आणि उपाशी मुंबई शेजारीशेजारी उभी केली. ‘माझी मैना’ तर आपण गॅदरिंगला बेंच वाजवून म्हणतो. पण ती मैना गावाकडे का राहिली, याचा विचार करतो का? गाणं संयुक्त महाराष्ट्राचं आहे हे खरंच. मला मात्र त्यात खोली न मिळालेला कामगारही दिसतो. स्वतःलाच पाय पसरायला जागा नसेल, तर तो बायकोला आणणार कुठे?

मग आलं घाटकोपरचं चिरागनगर. तिथल्या झोपडीत अण्णाभाऊंची दोनेक दशकं गेली. बहुतेक लेखन तिथलंच. शेजारची माणसं ‘चिरागनगरची भुतं’ होऊन कथेत आली. १९५९ला ‘फकिरा’ आली. १९६१ला तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. पत्ता मात्र तोच राहिला. ज्या सरकारने पुरस्कार दिला, त्याला लेखकाची झोपडी दिसत नसेल, यावर माझा तरी विश्वास नाही. दिसत होती, पण झोपडपट्टी म्हणजे शहरावरचा डाग, तो पुसायचा, एवढंच तेव्हाचं धोरण.

अगदी शेवटी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं. तोवर तब्येत, पैसा, सोबतीची माणसं, सगळंच हातातून सुटलं होतं. १८ जुलै १९६९ला त्याच घरात ते गेले. पन्नाशीही गाठली नाही.

राज्याचा झोपडपट्टी कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, १९७१ला आला. २००२ मध्ये अण्णाभाऊंच्या नावाने चार रुपयांचं तिकीट निघालं, २०२२ला मॉस्कोत पुतळा बसला, चिरागनगरात स्मारकाची घोषणाही झाली. पुतळ्यांच्या कामात आपले सगळेच पक्ष तत्पर! घराचं विचाराल, तर झोपडीवाल्याला आधी कागद दाखवावा लागतो. १ जानेवारी २०००च्या आधीचा पुरावा असेल तर घर फुकट, २०११पर्यंतचा असेल तर पैसे भरून, आणि त्यानंतर आलेल्याला काहीच नाही. वाटेगावहून चालत आलेल्या त्या अकरा-बारा वर्षांच्या पोराकडे कसला पुरावा असणार होता?