बेंजामिन फ्रँकलिन यांचा मूतखडा आणि तुमची २४ तासांची लघवी तपासणी

लघवीतील युरिक ॲसिड तपासण्यासाठी डॉक्टरांनी तुम्हाला मोठा डबा दिला असेल, तर आधी बेंजामिन फ्रँकलिन यांच्याविषयी वाचा. पतंग आणि विजेचा त्यांचा प्रयोग तुम्ही शाळेत वाचला असेलच. गाऊट आणि मूतखडा या दोन्ही आजारांनी त्यांचे म्हातारपण जखडून टाकले होते.

१७०६ मध्ये बोस्टनला जन्मलेल्या फ्रँकलिन यांना मूतखड्याची ओळख झाली ती भावामुळे. जॉन यांच्या मूत्राशयात खडा होता. त्यांची लघवी सहज निघावी म्हणून १७५२ मध्ये फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फियातील एका चांदीच्या कारागिराकडून वाकणारी नळी करून घेतली आणि बोस्टनला पाठवली. आजच्या कॅथेटरची ती एक पूर्वज.

१७७६ मध्ये स्वीडनमध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने मूत्राशयातील खड्यांतून युरिक ॲसिड वेगळे केले. त्याच वर्षाअखेरीस फ्रँकलिन राजदूत म्हणून फ्रान्सला पोहोचले. १७८० मध्ये गाऊटने त्यांना अंथरुणात टाकले, तेव्हा त्यांनी स्वतः आणि गाऊट यांच्यातील एक विनोदी संवाद लिहिला. त्यात गाऊट त्यांना जास्त खाण्यावरून आणि न चालण्यावरून झापतो. गंमत चांगली आहे, पण दोष फक्त खाण्याचा नसतो. अनेक रुग्णांत किडनीच युरिक ॲसिड कमी बाहेर टाकते, म्हणून स्वतःला उगाच बोल लावू नका.

पुढे त्यांनाही खड्याचा त्रास सुरू झाला. गाडीचा प्रत्येक हादरा असह्य होई, म्हणून १७८५ मध्ये मायदेशी निघताना राणीची खेचरांवरची पालखी त्यांना बंदरापर्यंत देण्यात आली. शस्त्रक्रिया त्यांनी टाळली. भूल नव्हती, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. ब्लॅकबेरीची जेली खाऊन पाहिली. शेवटच्या वर्षी बहुतेक वेळ ते अंथरुणातच होते आणि वेदनेसाठी अफू घ्यावी लागत होती. १७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी ते गेले, ते छातीच्या आजाराने.

त्यांच्या डॉक्टरांना जे मोजता येत नव्हते, ते तुमच्या डब्यातून मोजले जाते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि ती वेळ लिहून ठेवा. त्यानंतर दिवसरात्रीची प्रत्येक लघवी डब्यात घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी घेतली की संपले. चूक होते ती बहुधा इथेच: पहिली लघवीही डब्यात जाते किंवा शौचाच्या वेळची राहून जाते. असे झाले तर लपवू नका, लॅबला सांगा आणि नव्याने सुरुवात करा. डब्यात आधीच औषध घातलेले असेल तर ते ओतून टाकू नका, हाताला लागू देऊ नका. सुई नाही, वेदना नाही. ॲस्पिरिन, व्हिटॅमिन सी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि गाऊटची औषधे यांनी आकडा बदलतो. काय काय घेता ते डॉक्टरांना सांगा, पण मनाने काही बंद करू नका.

साधारणपणे २४ तासांत २५० ते ७५० मिलिग्रॅम हे प्रमाण नेहमीचे मानतात. लॅबनुसार थोडा फरक पडतो. आकडा जास्त असेल तर शरीर युरिक ॲसिड जास्त बनवते आहे किंवा मांसाहार जास्त होतो आहे, असा विचार होतो. रक्तात जास्त आणि लघवीत कमी असेल तर लक्ष किडनीकडे जाते. लघवीची आम्लताही विचारून घ्या, कारण लघवी फार आम्लधर्मी असेल तर आकडा नेहमीचा असूनही खडा होतो. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, मात्र लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने तो अनेकदा विरघळतो. फ्रँकलिन यांच्या पेल्यात ते औषध नव्हते.

खड्याच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर रिपोर्टची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.