इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’चे कोडे आणि मॅक्स बॉर्न यांचे बंगळुरूतील सहा महिने

बंगळुरू : येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९३५-३६ च्या हिवाळ्यात एक जर्मन प्राध्यापक सुमारे सहा महिने वास्तव्यास होते. नाझी राजवटीने त्यांना मायदेशातील अध्यापनातून दूर केले होते. पुढे १९५४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे नाव मॅक्स बॉर्न. इलेक्ट्रॉनचा ‘स्पिन’ हा गुणधर्म जगाला ज्या टप्प्यांनी उमगला, त्यांपैकी अनेक टप्प्यांशी त्यांचा संबंध होता. अशा शास्त्रज्ञाला कायमचे ठेवून घेण्याची संधी मात्र बंगळुरूने गमावली.

बॉर्न यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी ब्रेस्लाऊ येथील एका ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रँकफर्ट येथे प्राध्यापक झाले. त्यांचे सहायक ऑटो स्टर्न यांनी वाल्थर गेरलाख यांच्यासह एक अवघड प्रयोग हाती घेतला होता. पैशांची चणचण असल्याने बॉर्न यांनी सापेक्षतेवर जाहीर व्याख्याने देऊन संस्थेतील प्रयोगांसाठी निधी उभा केला. १९२२ मध्ये हा प्रयोग यशस्वी झाला, तोवर बॉर्न ग्योटिंगेन विद्यापीठात गेले होते.

या प्रयोगात तापवलेल्या चांदीच्या अणूंचा झोत निर्वातातून असमान चुंबकीय क्षेत्रात सोडण्यात आला. अणू हे साधे चुंबक असते, तर काचेवर चांदीचा सलग पट्टा उमटला असता. प्रत्यक्षात झोत दोन भागांत विभागला गेला. याचे खरे कारण १९२५ मध्ये पुढे आले. लायडन येथील तरुण शास्त्रज्ञ उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी इलेक्ट्रॉनला स्वतःचा कोनीय संवेग असतो, अशी कल्पना मांडली. चांदीच्या अणूतील ४७ पैकी ४६ इलेक्ट्रॉनांचे परिणाम परस्परांना छेद देतात आणि उरलेल्या एकाचा स्पिन अणूची दिशा ठरवतो.

स्पिन म्हणजे भोवऱ्यासारखे गरगरणे नव्हे. इलेक्ट्रॉनला चिमुकला गोल मानले, तर त्याच्या पृष्ठभागाला प्रकाशाहून अधिक वेगाने फिरावे लागेल. वस्तुमान आणि विद्युतभाराप्रमाणेच स्पिन हा कणाचा अंगभूत गुण आहे. कोणत्याही दिशेने मोजल्यास इलेक्ट्रॉनच्या स्पिनची दोनच मूल्ये मिळतात : अधिक अर्धा किंवा उणे अर्धा.

या दोहोंपैकी कोणते मूल्य मिळेल, या प्रश्नाशी बॉर्न यांचे सर्वांत मोठे कार्य निगडित आहे. पुंजयामिकी केवळ संभाव्यता सांगते, हा अर्थ त्यांनी १९२६ मध्ये मांडला. वरच्या बाजूला वळलेले अणू तशाच दुसऱ्या चुंबकातून सोडले, तर ते सर्व पुन्हा वरच जातात. तोच चुंबक काटकोनात फिरवला, की ते निम्मे-निम्मे विभागतात. एखादा विशिष्ट अणू कोणत्या बाजूला जाईल, हे आधी सांगता येत नाही. हा उपकरणाचा दोष नसून निसर्गाचाच नियम आहे. स्पिनचे गणित १९२७ मध्ये मांडणारे वोल्फगांग पाउली हेही एकेकाळी बॉर्न यांचे सहायक होते.

हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये बॉर्न यांना ग्योटिंगेन सोडावे लागले. केंब्रिजमधील तात्पुरत्या नेमणुकीनंतर विज्ञान संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना बंगळुरूला पाचारण केले. प्रकाशकणालाही स्पिन असतो, याचा प्रायोगिक पुरावा रामन यांनी सूरी भगवंतम् यांच्यासह १९३१ मध्ये कोलकात्यात दिला होता. बंगळुरूत बॉर्न यांनी रामन यांचे सहकारी एन. एस. नागेंद्रनाथ यांच्यासमवेत याच्याशी निगडित प्रश्न हाताळला. अर्धा स्पिन असलेल्या न्यूट्रिनोंच्या जोडीतून एक स्पिनचा प्रकाशकण घडतो का, असा तो प्रश्न होता. त्यांचा शोधनिबंध १९३६ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही कल्पना पुढे टिकली नाही.

बॉर्न यांना कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळावे, यासाठी रामन यांनी आग्रह धरला. मात्र बैठकीत एका इंग्रज प्राध्यापकाने, बॉर्न यांच्या उपस्थितीतच, देशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परकीय संस्थेला नको, अशा आशयाचा विरोध नोंदवला. त्या दिवशी घरी परतल्यावर पत्नी हेडविग यांच्यासमोर आपल्याला रडू कोसळले, असे बॉर्न यांनी आठवणींत नमूद केले आहे. नेमणूक झाली नाही. त्याच वर्षी एडिनबरा विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले आणि १९५३ पर्यंत ते तेथे राहिले. रामन यांनाही १९३७ मध्ये संचालकपद सोडावे लागले.

बॉर्न यांचे ५ जानेवारी १९७० रोजी ग्योटिंगेन येथे निधन झाले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला रामन यांनी बंगळुरूत अखेरचा श्वास घेतला. ज्या शहराने बॉर्न यांना घालवले, तेथेच त्यांची समाधी आहे आणि तिच्या शिळेवर पुंजयामिकीचे मूलभूत समीकरण कोरलेले आहे.