रिक्षा आणि टेम्पो रस्त्यावर आणणारे नवलमल फिरोदिया

नवीन पनवेलहून विचुंब्याला यायचं म्हटलं की आपण रिक्षाला हात करतो. आपल्या कितीतरी घरांची चूल याच तीन चाकांवर पेटते. पण ही रिक्षा आपल्याकडे आणली कोणी, हे आम्ही विचारलं तर फार थोड्यांना सांगता येतं. म्हणून आज नवलमल फिरोदियांची ओळख.

त्यांचा जन्म 9 सप्टेंबर 1910 चा, घर अहमदनगरचं, जैन कुटुंब. वडील कुंदनमल फिरोदिया नामांकित वकील. पुढे मुंबई विधानसभेचे सभापती झाले. नवलमल गांधीजींच्या चळवळीत उतरले आणि 1942 च्या आंदोलनात तुरुंगातही गेले.

त्या काळी कित्येक शहरांत माणूस माणसाला ओढत होता. पोटासाठी छाती फुटेपर्यंत पायडल मारायचं आणि मागे सवारी आरामात बसायची, हे नवलमलना खटकत होतं. 1948 च्या सुमारास एका मासिकात त्यांनी माल वाहणाऱ्या तीनचाकी गाडीचं चित्र पाहिलं. हीच गाडी माणसं का नेणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. तशी गाडी परदेशातून मागवून त्यांनी तिची रिक्षा करवली. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. नवलमलनी त्यांच्यासमोर गाडी ठेवली आणि सरकारी परवानगी मिळवली. मग बजाजसोबत हा धंदा उभा राहिला.

1958 मध्ये एका जर्मन कंपनीच्या साथीने बजाज टेम्पो सुरू झाली. तिच्या तीनचाकी मालगाडीचं नाव लोकांच्या तोंडी असं बसलं की आजही कुठल्याही छोट्या मालगाडीला आपण टेम्पोच म्हणतो. भाजीवाला, फर्निचरवाला, भंगारवाला, सगळ्यांचा धंदा त्यावर चालतो.

पैसा आला, पण नवलमल तिथे थांबले नाहीत. शिक्षण आणि समाजसेवेला त्यांनी हात सैल सोडला. बिहारमधल्या राजगीर इथे गोरगरिबांचे डोळे तपासणाऱ्या वीरायतन संस्थेच्या पाठीशी ते उभे राहिले. 26 मार्च 1997 ला ते गेले. पुण्यातलं एक विधी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने चालतं.

आम्हाला मात्र त्यांचं सर्वात मोठं दान रस्त्यावरच दिसतं. दिलेली रक्कम संपते. हातात आलेलं चाक हक्क-हलालची रोजी देत राहतं, मुलांची फी भरतं, लेकीचं लग्न लावतं. घरात कमावता हात उभा राहील अशी मदत करणं, ही मोठी खैरात आहे. आपल्या वस्तीतल्या सधन मंडळींनी यावर जरूर विचार करावा.

आणि उद्या रिक्षात बसाल तेव्हा चालवणाऱ्या भावाशी दोन शब्द अदबीने बोला. माणसाची इज्जत राहावी म्हणूनच ही गाडी आली होती.