खैबरचा कवी-सरदार

जानेवारी १६६४. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचे जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपामाळावर स्वागत केले, असे जव्हार-मोखाड्याची परंपरा सांगते. त्याच महिन्यात, शेकडो कोस दूर पेशावरास, औरंगजेबाच्या हुकमाने खुशालखान खटक कैद झाला. पश्तू भाषेच्या या महाकवीची महाराष्ट्राला फारशी ओळख नाही. ती असावयास हवी.

खुशालखानाचा जन्म १६१३ चा. १६४१ मध्ये पिता शाहबाजखान यूसुफझईंशी लढताना पडला आणि खटक जमातीची सरदारकी त्याच्याकडे आली. अटक-पेशावरचा बादशाही मार्ग राखणे हे या घराण्याचे काम. शाहजहानसाठी तो बल्ख-बदख्शानच्या मोहिमेतही लढला. या निष्ठेचे फळ म्हणून त्याला रणथंभोरचा तुरुंगवास मिळाला. मुलुखाच्या विरहाने आणि अपमानाच्या सलाने त्याच्या कवितेला तेथे निराळीच धार चढली.

सुटकेनंतर, १६७२ मध्ये ऐमलखान आणि दर्याखान या आफ्रिदी सरदारांनी उठाव करताच खुशालखान त्यांना मिळाला. जमातीजमातींत फिरून तो एकीचे आवाहन करू लागला. १६७४ मध्ये औरंगजेबाला स्वतः हसन अब्दालला तळ द्यावा लागला. रायगडावर राज्याभिषेक झाला तो याच वर्षी. वायव्येत मोगली फौज गुंतल्याने दक्षिणेवरील दडपण हलके झाले, हे इतिहासकारांनी नोंदविले आहे.

पठाणांची एकी मात्र टिकली नाही. तनखे आणि पैसा यांनी ती फोडली. पोटचा पुत्र बहराम मोगलांना मिळून पित्यावर उलटला. १६८९ मध्ये आफ्रिदींच्या डोंगरात, आश्रित म्हणून, खुशालखान निवर्तला.

त्याने गझला-रुबाया रचल्या, ससाण्यांच्या शिकारीवर ‘बाजनामा’ लिहिला, सरदाराच्या गुणांवर ‘दस्तारनामा’ लिहिला. बादशहाइतकाच त्याचा कोप स्वजनांच्या फुटीवर आहे. म्हणूनच ती कविता केवळ वीरगाथा न राहता आत्मपरीक्षण ठरते.

खैबरचा उठाव झाला त्याच १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले आणि विक्रमशहांचे राज्य गेले. दोन मोठ्या सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या डोंगरी सरदारांची दशा खैबरात आणि सह्याद्रीत सारखीच होती. विक्रमशहांना त्या वेळी काय वाटले, ते त्यांच्या शब्दांत आपल्यापुढे नाही. खुशालखानाचे दुःख मात्र तीन शतकांनंतरही पश्तू बोलणाऱ्यांच्या ओठांवर आहे. जी एकी त्याच्या तलवारीला साधली नाही, तिची निदान जाणीव तरी त्याच्या भाषेने त्यांना दिली.