कै. श्रीपाद बळवंत तांबे : नागपूरच्या गव्हर्नरपदावर बसलेले पहिले हिंदी गृहस्थ

वार्षिक स्मरणिकेत थोरांची चरित्रे देण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच होय. तथापि ज्यांच्या थोरवीविषयी दुमत नाही अशांचीच चरित्रे आपण वाचली, तर आदर वाढतो पण विवेक वाढत नाही. काही पुरुष असे असतात की त्यांच्या एका निर्णयावर सारा देश दुभंगला आणि निवाडा आजही सोपा वाटत नाही. अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे हे त्यांपैकी एक होत.

आपल्या तिरोड्याचा त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा निर्माण झाला. त्यापूर्वी आपण भंडारा जिल्ह्यात होतो आणि इंग्रजी अमदानीत तिरोडा हे त्या जिल्ह्यातील एका तहशिलीचे नाव होते. येथील मालगुजारांचा सारा, जंगलाचे कायदे, पोलीस आणि न्याय या सर्वांचे अखेरचे सूत्र नागपूरच्या टेकडीवरील सरकारी निवासस्थानी राहणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती असे. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या अधिकाऱ्यास कधी पाहिले नसेल. पण त्याच्या सहीचा परिणाम त्यांच्या धानाच्या बांधीपर्यंत पोहोचत होता.

१८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हा त्याचा मुख्य अधिकारी चीफ कमिशनर म्हणून ओळखला जाई. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार या प्रांतास जोडण्यात आला. कायद्याने वऱ्हाड निजामाचेच राहिले, राज्य मात्र इंग्रजांनी केले. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर, डिसेंबर १९२० मध्ये, सर फ्रँक स्लाय हे येथील पहिले गव्हर्नर झाले. त्या कायद्याने कारभाराचे दोन भाग पडले. शिक्षण, शेती, स्थानिक स्वराज्य अशी खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. जमीनमहसूल, पोलीस, न्याय, जंगल, अर्थ ही खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राखून ठेवण्यात आली. मंत्र्यांस जबाबदारी मिळाली, पण तिजोरीची किल्ली मिळाली नाही.

तांबे यांचा जन्म १८७५ सालचा. कायद्याचे शिक्षण पुरे करून त्यांनी अमरावतीस वकिली आरंभिली. त्या काळची अमरावती ही वऱ्हाडच्या राजकारणाची पेठ होती. १८९७ साली राष्ट्रसभेचे अधिवेशन तेथे भरले होते. लोकमान्यांचे स्नेही दादासाहेब खापर्डे आणि नेमस्त मताचे मोरोपंत जोशी हे दोघेही तेथील नामांकित वकील. अशा वातावरणात तांबे वाढले. नगरपालिकेच्या कामातून ते पुढे आले आणि यथाकाल प्रांताच्या कायदेमंडळात गेले.

१९२३ साली चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांचा स्वराज्य पक्ष निवडणुकीस उभा राहिला. कायदेमंडळात शिरावयाचे, पण सरकारी अधिकारपद न स्वीकारता आतून अडवणूक करून ही राज्यपद्धती निरर्थक ठरवावयाची, असा त्या पक्षाचा संकल्प होता. मध्यप्रांतात या पक्षास निर्भेळ बहुमत मिळाले. डॉ. मुंजे यांच्या नेतृत्वाखाली १९२४ साली कायदेमंडळाने मंत्र्यांवर अविश्वास दाखविला, अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपयांवर आणले. मंत्र्यांची खातीही गव्हर्नरने आपल्या हाती घेतली. संकल्प सिद्धीस गेला. पण लोकांच्या हाती आलेले थोडेसे अधिकारही परत टेकडीवर गेले. ही अडचण पक्षातील पुष्कळांच्या मनास टोचत होती.

१९२५ साली तांबे कायदेमंडळाचे अध्यक्ष निवडले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये दासबाबू निवर्तले. पुढे ऑक्टोबरात मोरोपंत जोशी यांची कार्यकारी मंडळातील जागा रिकामी होत असता गव्हर्नर सर माँटेग्यू बटलर यांनी ती तांबे यांना देऊ केली, आणि तांबे यांनी ती स्वीकारली. अशा रीतीने स्वराज्य पक्षाचा एक प्रमुख पुरुष प्रांताचा होम मेंबर झाला.

देशभर खळबळ उडाली. मोतीलालजींनी हा उघड शिस्तभंग मानला व कडक शब्दांत निषेध केला. दुसरा पक्षही गप्प बसला नाही. विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष होतात, स्वतः मोतीलालजी सरकारने नेमलेल्या सैनिकी शिक्षणविषयक समितीत बसतात, मग तांबे यांनीच काय अधिक केले, असा सवाल न. चिं. केळकर यांच्या बाजूने करण्यात आला. केळकर, बॅ. जयकर आणि डॉ. मुंजे पक्षापासून दूर झाले. १९२६ च्या आरंभी प्रतियोगी सहकार पक्ष उभा राहिला. यवतमाळचे बापूजी अणे हेही त्यास मिळाले. १९२६ च्या निवडणुकीनंतर प्रांतात पुन्हा मंत्री नेमले गेले. एका माणसाच्या होकारातून एवढे सारे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण साचलेल्या पाण्याचा बांध त्या होकाराने फुटला, हे खरे.

१९२९ साली सर माँटेग्यू बटलर रजेवर गेले असता तांबे यांची हंगामी गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली. चीफ कमिशनरांच्या काळापासून सत्तर वर्षे जी जागा केवळ इंग्रजांची होती, तीवर प्रथमच एक हिंदी आणि तोही मराठी मनुष्य बसला. ज्या वऱ्हाडचा ताबा निजामाकडून इंग्रजांकडे गेला, तेथील एका वकिलाने काही काळ तरी वऱ्हाडासह साऱ्या प्रांताच्या कागदांवर सही केली. हिंदी माणसास राज्य चालविता येत नाही, या समजुतीस तो कारभार हे उत्तर होते.

परंतु येथेच विवेकाने थांबले पाहिजे. खुर्ची बदलली तरी तिच्यामागील सत्ता बदलली नव्हती. गव्हर्नर व्हाइसरॉयला जबाबदार, व्हाइसरॉय लंडनला. मालगुजारीचा कायदा तोच राहिला, जंगलाची बंधनेही तीच राहिली. दुसऱ्याच वर्षी, १९३० मध्ये, याच प्रांतातील हजारो लोक जंगल सत्याग्रहात उतरले. पदाने योग्यता सिद्ध झाली. स्वातंत्र्य मात्र पदाने आले नाही.

१९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेस तांबे उपस्थित होते. १९३२ साली लॉर्ड लोथियन यांच्या मताधिकार समितीवर त्यांनी काम केले. त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, तसेच सर माँटेग्यू यांचे चिरंजीव आर. ए. बटलर हेही होते. मत देण्याचा अधिकार किती जणांस द्यावा, हा तिच्यापुढील प्रश्न होता.

तांबे यांच्यानंतर १९३६ साली बिलासपूरचे ई. राघवेंद्र राव यांनी हंगामी गव्हर्नरपद सांभाळले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी मंगलदास पकवासा स्वतंत्र भारताचे गव्हर्नर म्हणून नागपुरास आले, तेव्हा त्या खुर्चीचा अर्थ खऱ्या अर्थाने बदलला. १९५१ साली मालगुजारी गेली. आणि प्रतियोगी सहकाराचे पुरस्कर्ते बापूजी अणे १९४८ साली बिहारचे गव्हर्नर झाले. तांबे ज्या पदावर परक्याच्या मर्जीने काही महिने बसले, तशाच पदावर अणे स्वराज्याच्या अधिकाराने चार वर्षांहून अधिक काळ राहिले.

आज तांबे यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. त्यांना देशद्रोही म्हणणे अन्यायाचे होईल, आणि केवळ पदामुळे थोर म्हणणे भाबडेपणाचे. दिलेला शब्द मोडून हाती आलेले काम करावे, की काम सोडून शब्द पाळावा, असा तो पेच होता. आपल्या समाजातील तरुण आज ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत अनेक पदांवर जात आहेत. त्यांच्यापुढे इंग्रजांचे राज्य नाही, पण पेच येणारच. अशा वेळी खुर्ची केवढी आहे यापेक्षा ती कोणास जबाबदार आहे, हे आधी पाहावे. तांबे यांच्या चरित्रापासून एवढे घेतले तरी त्यांचे स्मरण सार्थकी लागले असे होईल.