खंजिरीचा हिशेब

चिमूरच्या पट्ट्यातल्या एका लहानशा शाखेत माझी बदली झाली ती १९८०च्या दशकात. थकीत पीककर्जाच्या वसुलीसाठी एका संध्याकाळी आम्ही जीप घेऊन जंगलाला लागून असलेल्या एका गावात पोचलो. एरवी बँकेची जीप दिसली की अर्धे गाव शेताच्या वाटेला लागत असे. त्या दिवशी मात्र कोणी जागचे हलले नाही. मारुतीच्या पारापुढे भगव्या टोप्या घातलेली पंधरा-वीस माणसे सामुदायिक प्रार्थनेला बसली होती. आम्हीही चपला काढून मागे बसलो. प्रार्थना संपली, भजन सुरू झाले आणि सत्तरीच्या एका गृहस्थांनी खंजिरी उचलली. त्या म्हाताऱ्या बोटांतून निघालेला ठेका ऐकून आमचा शिपाई हातातली यादी विसरला. यादीतले पहिले नाव त्या गृहस्थांचेच होते.

भजन आटोपल्यावर त्यांनी कर्जाचे आधी बोलून घेतले. दोन वर्षे धान गेले होते, हप्ते पाडून द्यावेत एवढीच त्यांची मागणी होती. मग चहा आला आणि गोष्ट तुकडोजी महाराजांकडे वळली. बेचाळीस साली ते चिमूरला होते, पुढे तुरुंगातही जाऊन आले होते. त्या रात्री त्यांनी जे सांगितले ते माझ्या मनातून आजही गेलेले नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकाला तुकडोजी महाराज ठाऊक असतात ते ग्रामगीतेमुळे, किंवा २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले म्हणून. आमच्याकडच्या माणसाला आधी आठवते ती खंजिरी. वीतभर लाकडी कडे, एका बाजूला ताणून बसवलेले कातडे आणि कडेला किणकिणणाऱ्या चकत्या, एवढाच तो ऐवज. ती झोळीत मावते, एका हातात धरता येते आणि तिला ना मंच लागतो, ना साथीदार. फिरत्या माणसाला याहून सोयीचे वाद्य नाही.

आणि महाराज फिरतेच होते. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी त्यांचा जन्म झाला. नाव माणिक. वडील बंडोजी शिवणकाम करीत. घरात दारिद्र्य होते, त्यामुळे शाळा चौथीच्या आसपासच संपली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या हे नाव दिले. पुढे घर सोडून हा पोरसवदा साधक रानोमाळ हिंडला. रामटेक, सालबर्डी यांच्याबरोबर आमच्या भागातली रामदिघी आणि गोंदोडा ही ठिकाणेही त्यांच्या साधनेची. रामदिघी म्हणजे ताडोब्याच्या कडेचे दाट रान. तिथे आजही संध्याकाळनंतर माणूस एकटा जायला धजत नाही.

पण रानातला हा मुलगा रानात राहिला नाही. त्याच्या गळ्याने त्याला गावात आणले. हा सारा मुलूख झाडीपट्टीचा. रात्र-रात्र नाटक आणि दंडार पाहणारा. तो गाणाऱ्याला चटकन दाद देतो आणि तितक्याच चटकन उठूनही जातो. असा श्रोता महाराजांच्या भजनाला हजारोंनी बसू लागला. भजने मराठीत होती, तशी हिंदीतही. शब्द बाजारहाटातले आणि ठेका खंजिरीचा. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले आणि सुमारे महिनाभर ते तिथे राहिले. त्यानंतर देवाच्या भजनात देशही आला.

मग आले १९४२. त्या पावसाळ्यात चिमूर परिसरात महाराजांची भजने चालू होती. निःशस्त्र माणसाजवळही लढायला पुष्कळ काही असते, असा धीर त्या भजनांतून मिळे. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये मिरवणूक निघाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा मुलगा ठार झाला. जमाव बिथरला. सरकारी विश्रामगृह पेटले आणि अधिकाऱ्यांसह चार सरकारी माणसे मारली गेली. तीन दिवसांनी फौज आली आणि तिने गावावर, विशेषतः बायकांवर, जे अत्याचार केले त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींना त्रेसष्ट दिवस उपोषण करावे लागले. अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. काहींच्या पुढे मोठ्या प्रयत्नांनी टळल्या. महाराजांना २८ ऑगस्टला चंद्रपुरात, म्हणजे तेव्हाच्या चांद्यात, अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांनी सुमारे शंभर दिवस काढले.

सरकारच्या लेखी हा गाणाराच दंग्याचे मूळ होता. आपल्या लेखी तो क्रांतीचा प्रेरक ठरला. दोन्ही बाजूंनी भजनाला सारखेच मोठे बळ दिले, फक्त एकाने ते नावे टाकले आणि दुसऱ्याने जमा धरले. त्या वृद्ध गृहस्थांचे म्हणणे याहून वेगळे होते. महाराजांनी कुणाला मारा म्हणून कधीच सांगितले नव्हते, यावर ते ठाम होते. पण ती भजने कानांत नसती तर आपण त्या सकाळी घराबाहेर पडलोच नसतो, हेही त्यांनी तितक्याच शांतपणे कबूल केले. पोलिसाच्या गोळीने पडलेला मुलगा त्यांना आठवत होता, तशीच जमावाच्या हातून मेलेली माणसेही. चाळीस वर्षे हे दोन्ही आकडे मांडून पाहिले, बेरीज जमली नाही, असे काहीसे ते बोलले. बँकेत मी पुष्कळ खाती पाहिली. असे खाते पाहिले नव्हते.

महाराजांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्यांनी पुढे काय केले ते मात्र सर्वांसमोर आहे. तुरुंगातून सुटल्यावर, १९४३ साली, अखिल भारतीय श्री गुरुदेव सेवा मंडळ उभे राहिले. गावोगाव शाखा निघाल्या. त्यांचे काम म्हणजे पहाटे ग्रामसफाई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, व्यसनमुक्ती आणि शिवाशिवीला फाटा. भजनाने पेटलेल्या माणसाला भजन संपल्यावर हाताला काम हवे, हे त्यांनी ओळखले असावे असे मला वाटते. चिमूरमध्ये गाणे थांबल्यावर जमाव उरला होता. मंडळात गाणे थांबल्यावर झाडू उरू लागला. ग्रामगीतेचे एकेचाळीस अध्याय याच वाटेवरचे. देवाऐवजी गावाला दैवत मानून त्यात आरोग्य, उद्योग, शिक्षण, महिलोन्नती अशा गोष्टी ओवीत आणल्या आहेत.

१९५५ साली जपानमधल्या विश्वधर्म परिषदेला महाराज गेले. तिथल्या विद्वानांसमोरही त्यांनी खंजिरीच वाजवली. डॉ. राजेंद्र प्रसाद त्यांना राष्ट्रसंत म्हणू लागले. चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांच्या वेळी ते सीमेवर जवानांसाठी गायले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना साठीही लागली नव्हती. त्या दिवशी आमच्या घरी चूल उशिरा पेटली, एवढे मला लहानपणचे आठवते.

दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंजात लाखभर माणसे जमतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सारे उभे राहतात आणि मौन पाळतात. आयुष्यभर गात राहिलेल्या माणसाला त्याचे लोक गाण्याने नव्हे, शांत उभे राहून आठवतात. एका वर्षी मीही त्या गर्दीत होतो. शेजारच्या खेडुताच्या हातातली खंजिरी त्याने छातीशी घट्ट धरली होती, चकत्या वाजू नयेत म्हणून. मला चिमूरकडचे ते वृद्ध गृहस्थ आठवले. त्यांच्या कर्जाचे हप्ते मी पाडून दिले होते आणि त्यांनी ते चुकते केले. त्यांच्या दुसऱ्या खात्यात मात्र मला काही करता येण्यासारखे नव्हते. ते रोज संध्याकाळी पारावर बसून खंजिरी वाजवीत आणि पहाटे गावाचा रस्ता झाडीत. त्या खात्यातली फेड बहुधा तीच होती.