वियोगाकडून स्मृतीकडे : लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या जीवनाचा विचार बहुधा रेव्हरंड ना. वा. टिळकांची सहधर्मचारिणी आणि ‘स्मृतिचित्रे’ची लेखिका अशा दोन नात्यांनी केला जातो. या दोहोंमधील दुवा मात्र टिळकांच्या निधनानंतरच्या सुमारे सतरा वर्षांत शोधावा लागतो.

नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यात जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी झाला. शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. अक्षरओळख झाली ती टिळकांच्या लहरीनुसार चालणाऱ्या शिकवणीतून. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पती हयात असताना पतिवियोग अशी विलक्षण अवस्था त्यांच्या वाट्याला आली. मृत्यूने होणाऱ्या वियोगाला निदान समाजमान्य विधी तरी असतात. या वियोगाला तेही नव्हते. सुमारे पाच वर्षांचा हा काळ त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काढला. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांशी स्वतःच झगडून १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. बालपणी पाहिलेल्या ब्राह्मण विधवेच्या आयुष्याची चाकोरी आता त्यांच्यापुढे नव्हती. शोक कसा करावा हे त्यांचे त्यांनाच ठरवावे लागले. चरितार्थासाठी त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचे काम पत्करले. नंतर पुत्र देवदत्त यांच्यासह काही काळ कराचीत आणि अखेरीस नाशिकला त्यांचे वास्तव्य झाले.

या काळात त्यांनी दोन कामे हाती घेतली. टिळकांनी ओवीवृत्तात आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ सुमारे दहा अध्यायांनंतर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. येथे विषय टिळकांचा, वृत्त त्यांनी निवडलेले आणि संकल्पही त्यांचाच होता. दिवंगताचे अपुरे कार्य पुढे नेणे हा शोकाला दिलेला पहिला प्रतिसाद होय. त्यात निष्ठा आहे, परंतु शोक करणाऱ्याचा स्वतःचा आवाज त्यात मागेच राहतो.

दुसरे काम ‘स्मृतिचित्रे’चे. टिळकांच्या चरित्रासाठी साधने जमविणाऱ्या देवदत्तांनी आईला आठवणी लिहावयास सांगितले, हे या लेखनाचे निमित्त. साधन म्हणून सुरू झालेले हे लेखन स्वतंत्र आत्मचरित्र झाले, यातच त्याचे मर्म आहे. लक्ष्मीबाईंनी टिळकांना देव्हाऱ्यात बसविले नाही. त्यांची करुणा आणि काव्यशक्ती यांच्याबरोबरच त्यांचा संतापी स्वभाव, पैशाविषयीची बेफिकिरी, न सांगता घर सोडून जाणे हे सारे त्यांनी सांगितले. आणि तितक्याच मोकळेपणाने स्वतःच्या भाबडेपणाचीही थट्टा केली. या विनोदाकडे केवळ लेखनगुण म्हणून पाहणे अपुरे आहे. गेलेल्या माणसावर पुन्हा रागावता येणे, त्याच्याशी पुन्हा भांडता येणे आणि त्यावर हसता येणे, हे दुःख पचल्याचे लक्षण आहे. प्रारंभीच्या शोकाला दिवंगताचे दोष दिसत नाहीत. ते दिसू लागले आणि तरीही प्रेम उणावले नाही, की स्मृती खऱ्या अर्थाने आपली होते. टिळकांचे निधन आणि १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग यांत पंधरा वर्षांचे अंतर आहे. ग्रंथातील समतोल दृष्टी लक्षात घेता हा काळ निष्फळ गेला असे म्हणता येत नाही.

‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग पूर्ण होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९३६ मध्ये, लक्ष्मीबाईंचे निधन झाले. पतीचा अपुरा ग्रंथ त्यांनी पुढे नेला होता. त्यांचा अपुरा भाग देवदत्तांनी पूर्ण केला. टिळक कुटुंबात शोकाचा हा वारसा लेखणीच्या द्वारेच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेला.